नखभर लोखंड

"भीती ही अज्ञानाची लेक आहे," सर म्हणाले. "ज्याला कळतं, तो घाबरत नाही. एवढं वाक्य मनावर कोरून ठेवा. फेराइट काय, ते मी शिकवीनच."

हे वाक्य सर दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला म्हणत, आणि म्हणून झालं की क्षणभर थांबत. त्या थांबण्यात टाळ्यांपुरती जागा ठेवलेली असे. आजवर ती कोणी भरली नव्हती. यंदा ती चंचुपात्राने भरली.

चंचुपात्र सरांच्या पाठीमागे तापल्या प्लेटवर ठेवलेलं होतं. त्यात लोखंडाचा आणि कोबाल्टचा क्षार, लिंबूसत्व आणि थेंबथेंब अमोनिया एवढा ऐवज. हे मिश्रण आटवत ठेवायचं. आधी पाणी उडून जातं, मग पाकासारखी तार येते, मग डिंकासारखा गोळा होतो, आणि तो गोळा घरातल्या सोशिक माणसासारखा बराच वेळ गप्प बसून राहतो. आता काही होणार नाही असं सगळ्यांना वाटायला लागलं, की तो आतल्या आत पेट घेतो, फुसकन उसळतो, आणि मागे उरते पिसासारखी हलकी काळी राख. हीच राख म्हणजे कोबाल्ट फेराइट. तिचा एकेक कण इतका बारीक, की केसाच्या जाडीत असे हजारो कण मांडीला मांडी लावून बसतील.

हे सगळं धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, काच खाली ओढून आणि तोंडावर मास्क लावून करायचं असतं. तशी सूचना कपाटावर चिकटवलेली होती, आणि तिच्याखाली सही सरांचीच होती. पण मागच्या रांगेला दिसेना म्हणून सरांनी काच वर केली. मास्कमधून वाक्याचं वजन पोचत नाही म्हणून मास्क हनुवटीवर ओढला. वाक्य म्हटलं, थांबले, टाळ्या आल्या नाहीत म्हणून वळले आणि "अजून कसं पेटत नाही हे," असं म्हणत कपाटात डोकावले.

धूर ओसरला तेव्हा सरांच्या पांढऱ्या दाढीचं वय वीस वर्षांनी उतरलं होतं. वर्ग मास्कच्या आत हसला. मास्कचा हा उपयोग सूचनेत लिहिलेला नव्हता.

"याला स्वयंदहन म्हणतात," सर म्हणाले आणि खोकले. खोकल्याबरोबर काळं आलं.

विद्यार्थी सरांना पाठीमागे 'चुंबक' म्हणत, कारण सर एकदा धरलं की सोडत नसत. त्यांनी सगळ्यात घट्ट काय धरलं असेल, तर तो एक नियम: नमुन्याला लोखंड लागता कामा नये. चमचा प्लॅस्टिकचा, चिमटा प्लॅस्टिकचा, हातात मोजे. पोलादाचा नुसता ओरखडा नमुन्यावर उमटला, तर यंत्र त्या ओरखड्याचंच चुंबकत्व मोजतं आणि आपण नसलेल्या शोधाचे पेढे वाटत बसतो. एका संशोधक विद्यार्थ्याने एकदा पोलादी चिमट्याने पावडर उचलली. सरांनी ती सगळी पावडर त्याच्यादेखत केराच्या डब्यात रिकामी केली. तेव्हापासून त्या विद्यार्थ्याचं नाव 'चिमटा' पडलं. आता त्याचं लग्न झालंय, टक्कल पडलंय, पण नाव तेच.

तर राख नाकातोंडात गेली, त्यात सरांना तेवढंसं काही वाटलं नाही. या धंद्यात थोडं पोटात जायचंच. भीती दुसऱ्या दिवशी आली आणि ती कानाच्या वाटेने आली.

काही महिन्यांपासून सरांच्या डाव्या कानात एक बारीक शीळ वाजत होती. कुकरची शिट्टी दूर कुठेतरी अडकून राहावी तशी. त्या बाजूने कोणी बोललं तर शब्द ओले झाल्यासारखे येत. सरांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. बायको न सांगता हल्ली त्यांच्या उजव्या बाजूने चालायला लागली होती, म्हणजे तिला सांगायची गरज नव्हती. शेवटी तिनेच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने दोन्ही कानांत आवाज सोडून पाहिले, सरांना एका पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि सर डावीकडे कलंडल्यावर त्यांना धरलं.

"एमआरआय करून घेऊ," तो म्हणाला. "ऐकण्याच्या नसेवर कधी कधी गाठ असते. असेलच असं नाही. पण असली तर लवकर कळलेली बरी. वाट बघत बसलात तर आधी कान जाईल, आणि मग ते प्रकरण कानापुरतं राहणार नाही."

"एमआरआय म्हणजे..." सर म्हणाले.

"मोठं चुंबक असतं. आत झोपायचं. घाबरायचं काही कारण नाही."

चुंबक म्हणजे काय हे सरांना आजवर कोणी समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी खुर्चीचा हात धरला. घरी जाईपर्यंत त्यांच्या मनात सगळा हिशेब मांडून झाला. ज्या पृथ्वीच्या चुंबकत्वावर होकायंत्राची सुई डुलते, त्याच्या तीसेक हजार पट जोराचं चुंबक. त्याच्या तोंडात डोक्याकडून आत जाणारे आपण. आणि आपल्या छातीत, कालच भरलेले, कोबाल्ट फेराइटचे अगणित कण. कालचेच कशाला? अख्खी नोकरी या पावडरीत गेली. अंगात किती मुरली असेल ती?

डोक्याच्या दिशेने चुंबक. छातीतून डोक्याकडे निघालेले कण. वाटेत कान.

ज्याला कळत नाही, तो माणूस त्या रात्री घोरत झोपला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने शिवणयंत्राचा खण उघडला, तर आतलं नालाच्या आकाराचं चुंबक जागेवर नव्हतं. तिचा शिवणकामाचा धंदा होता; सांडलेल्या टाचण्या गोळा करायला ते चुंबक लागे, आणि घरातलं उपयोगी पडणारं चुंबक तेवढं एकच, असं ती पाहुण्यांना सांगे. ते तिला न्हाणीघरात सापडलं. सर बनियन वर करून आरशासमोर उभे होते आणि चुंबक छातीवरून हळूहळू फिरवत होते.

"काय चाललंय?"

"काही नाही. तपासतोय."

"चिकटलं का?"

"चिकटलं नाही. पण याने काही सिद्ध होत नाही. हे अगदीच दुबळं आहे."

"टाचण्यांना पुरतं," बायको म्हणाली आणि चुंबक काढून घेऊन गेली.

सरांनी एमआरआयची तारीख पुढे ढकलली. सांगितलं, परीक्षा आहेत. मग आणखी एकदा ढकलली. सांगितलं, परीक्षा झाल्या, आता पेपर आहेत. कानाच्या डॉक्टरला फोन करून त्यांनी पावडरीची हकिकत सांगितली. डॉक्टरने छातीचा एक्स-रे काढायला लावला. एक्स-रे कोऱ्या पाटीसारखा स्वच्छ आला.

"बघा, काही नाही," डॉक्टर म्हणाला.

"वीस नॅनोमीटरचा कण एक्स-रेमध्ये कसा दिसेल?" सर म्हणाले. डॉक्टरने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

भीतीचा एक गुण असा की ती माणसाला कामाला लावते. सरांनी ठरवलं, अंदाज पुरे, मोजमाप करायचं. शरीरात मुरलेले धातू नखांत उतरतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तेव्हा नखं मोजायची.

ते त्यांनी इतक्या काळजीने केलं, की नियमाच्या पुस्तकाने उभं राहून नमस्कार करावा. आपल्या खोलीचं दार लावलं. घरून खिशात टाकून आणलेल्या नेलकटरने दहाही बोटांची नखं अगदी मुळापर्यंत काढली. ती बटरपेपरवर पाडली. हातात मोजे चढवले. प्लॅस्टिकच्या चिमट्याने एकेक तुकडा उचलला, नाजूक तराजूवर वजन केलं आणि तो प्लॅस्टिकच्या कुपीत बंद केला. नेलकटर पुन्हा खिशात टाकलं. कुपीवर चिठ्ठी लावली: 'जैविक नमुना.'

चुंबकत्व मोजायचं यंत्र तळमजल्यावर होतं आणि ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मापनबाई म्हणत. बाईंचं आणि सरांचं नातं जुनं होतं: सर नमुने पाठवत आणि बाई नावं ठेवत.

"कसला नमुना?" मापनबाईंनी कुपी उजेडात धरली.

"जैविक."

"ते वाचलं मी. कोणाचा जीव?"

"एका गृहस्थाचा."

बाईंनी सरांच्या बोटांकडे पाहिलं. सरांनी हात खिशात घातले.

यंत्राचं काम साधं. नमुना एका काडीच्या टोकाला बांधतात, दोन भल्यामोठ्या चुंबकांच्या मध्ये टांगतात आणि थरथर कापवतात. त्याच्या थरथरण्यावरून त्याच्यात किती चुंबकत्व आहे ते कळतं. चुंबकांचा जोर वाढवत न्यायचा, मग कमी करायचा, मग उलटा फिरवायचा, आणि पडद्यावर रेघ उमटताना बघायची. साध्या वस्तूची रेघ सरळ जाते आणि त्याच वाटेने परत येते. चुंबकी वस्तू जाते एका वाटेने आणि येते दुसऱ्या. मध्ये पोट सुटतं. त्या आकृतीला लूप म्हणतात. दिसायला ती थेट फासासारखी असते.

"कोबाल्ट फेराइट म्हणजे आमचा थोरला मेव्हणा," सर वर्गात सांगत. "एकदा एका बाजूला तोंड केलं की फिरवायला दुप्पट जोर लावा. म्हणून त्याच्या लूपचं पोट एवढं सुटलेलं. आणि साधं लोखंड म्हणजे आमचे शेजारी. ज्याचा जोर, त्याच्याकडे तोंड. लूप दोऱ्यासारखा बारीक." हाच धडा शिकवून त्यांनी केस पांढरे केले होते. लांबून लूप पाहून आतली वस्तू ओळखायचे, चालीवरून माणूस ओळखावा तसे.

बाईंनी यंत्र सुरू केलं. सर त्यांच्या शेजारी उभे राहिले.

"सर," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "थरथरायचं काम नमुन्याचं. तुम्ही टेबल सोडा. रेघ हलतेय."

सरांनी टेबल सोडलं. रेघ सरळ चालली होती. नख असंच असायला हवं. सरांनी श्वास सोडला. मग जोर कमी होऊन उलटा फिरू लागला, आणि परत येणारी रेघ मधल्या भागाशी आल्यावर पहिल्या वाटेपासून जराशी, अगदी जराशी, बाजूला सरकली.

"अरेच्चा," मापनबाई म्हणाल्या. "तुमच्या गृहस्थात लोखंड आहे."

तळमजल्यावरच्या त्या खोलीत पंख्याचा आवाज होता, पंपाचा होता, आणि सरांच्या कानातली शीळ होती. सरांना फक्त शीळ ऐकू येत होती. त्यांनी लूप आहे एवढंच पाहिलं. तो कसा आहे, ते पाहिलंच नाही. फास गळ्याशी आल्यावर त्याची जाडी कोण मोजतो?

"छापून द्या," ते म्हणाले.

"घाबरताय कशाला? फेराइटचे कण दवाखान्यात मुद्दाम माणसाच्या रक्तात सोडतात. एमआरआयचं चित्र चांगलं यावं म्हणून."

"ते निव्वळ लोखंडाचे. माझे कोबाल्टचे."

"माझे?" बाई म्हणाल्या.

सरांनी कागद ओढून घेतला आणि ते दाराकडे वळले. बाईंनी मागून काहीतरी विचारलं. त्या डाव्या बाजूला होत्या. सरांना ऐकू आलं नाही.

घराच्या वाटेवर भंगाराचं एक आवार होतं. तिथे क्रेनला एक वाटोळं चुंबक टांगलेलं असे. ते खाली उतरायचं, आणि पत्र्याची पिंपं, गंजलेल्या सायकली, कोणाच्या तरी मोटारीचं दार, सगळं एकदम अंगाला चिकटवून घेऊन वर जायचं. मग वीज बंद झाली की ते सगळं हंबरडा फोडून खाली पडायचं. या वाटेवरून सर नोकरीभर चालले होते आणि दरवेळी त्यांनी त्या चुंबकाकडे, सासुरवाडीच्या माणसाकडे बघावं तसं, ओळखीचं हसून पाहिलं होतं. आज ते चुंबक वर उचललेलं होतं आणि त्याच्या पोटाला एक रिकामी खाट लटकत होती. दवाखान्यात असते तशी. लोखंडी.

सरांनी पटकन रस्ता ओलांडला. त्यांना वाटलं, छातीत काहीतरी त्या बाजूला सरकलं. त्यांनी हात छातीवर दाबला आणि चालत राहिले. तेवढ्यात उजव्या कानाला एक किंकाळी ऐकू आली, कोणीतरी त्यांच्या कोटाची कॉलर धरून मागे खेचलं, आणि एक टेम्पो त्यांच्या नाकासमोरून गेला. तो डावीकडून आला होता. हॉर्न वाजवत.

"बहिरे आहात का काका?" कॉलर धरणारी बाई ओरडली. तिच्या दुसऱ्या हातात भाजीची पिशवी होती. "केव्हाचा कोकलतोय तो!"

सर तिचे आभार मानायला लागले. रस्ता हळूच डावीकडे कलला आणि परत सरळ झाला. टेम्पोवाला खिडकीतून जे काही बोलत होता, त्यातलं अर्धंच सरांना ऐकू आलं. तेवढं पुरेसं होतं.

त्या संध्याकाळी सरांनी बायकोसमोर कागद ठेवला. बायको एका परकराला काठ लावत होती.

"हा माझा लूप," सर म्हणाले.

"बरं."

"माझ्या नखांत चुंबकी द्रव्य सापडलंय. मी त्या यंत्रात गेलो तर काय होईल सांगता येत नाही. मेंदूत शिरतील कण. नसा फाडतील. मी सगळा विचार केलाय. उद्याचा एमआरआय रद्द."

बायकोने दात लावून दोरा तोडला. कागद उचलून पाहिला, उलटा करून पाहिला आणि परत ठेवला.

"आज रस्त्यात काय झालं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोटाची कॉलर उसवलीय. मी शिंपीण आहे." ती उठून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. "मला तुमचं ते चुंबक-बिंबक कळत नाही. पण माणूस कळतो. त्या यंत्रात शिरायला तुम्ही भीत नाही. बाहेर आल्यावर काय सांगतील, त्याला भीताय."

"तसं नाही. हे बघ, हा पुरावा आहे. छापील!"

"असू दे. उद्या हा कागद घेऊन जाऊ आणि त्यांनाच दाखवू. त्यांनी नको म्हटलं तर नको."

"आणि त्यांना कळलंच नाही तर?"

"मग तुम्ही समजावून सांगा. तुम्हाला आवडतं ना."

रात्रभर ते उजव्या कुशीवर झोपले, म्हणजे चांगला कान उशीत दाबलेला आणि वर फक्त शीळ. मग त्यांच्या लक्षात आलं की बायको जागी आहे आणि काहीतरी बोलतेय. त्यांनी कूस बदलली, पण तोवर तिचं बोलून झालं होतं.

तपासणी केंद्रात सगळं पांढरं होतं. भिंतीवर एक चित्र होतं: हसणारं कुटुंब, ज्याला बहुधा काही झालेलं नव्हतं. सरांनी कपडे बदलून पाठीमागून बांधायचा झगा घातला. या झग्याचा शोध लावणाऱ्या माणसाने माणसाचा स्वाभिमान नेमका कुठे असतो, याचा चांगला अभ्यास केलेला असतो. तंत्रज्ञ मुलीने प्लॅस्टिकचं तबक पुढे केलं.

"काका, अंगावर लोखंडाचं काही?"

"अंगावर नाही," सर म्हणाले. "अंगात आहे."

तिने पेन काढलं. "प्लेट? स्क्रू? पेसमेकर?"

"कण."

"किती?"

"मोजता येत नाहीत."

मुलीने पेन ठेवलं आणि आतल्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले, शांतपणे ऐकून घेतलं, डोळ्यांत कधी धातूचा तुकडा गेला होता का, वेल्डिंगचं काम केलंय का, विचारलं. सरांनी नाही म्हटलं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला.

"तुम्ही म्हणताय तशी बारीक धूळ असली, तरी यंत्राचा त्रास नाही होणार. फार तर चित्रात एखादा डाग दिसेल."

"हे पाहिलंत का?" सरांनी घडी घातलेला कागद उघडला. "माझ्या नखांचा लूप. स्वतः मोजून घेतलाय. पूर्ण शुद्धतेने."

डॉक्टरांनी कागद हातात घेतला. "हे मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा."

बायको खुर्चीवर बसली होती.

"थांबा हं, तोवर एवढं करून घेते," मुलगी म्हणाली. "काकू, काकांचा कोट आणि पँट द्या. खिसे बघू. परवा एकाच्या झग्याला किल्ली राहिली होती. सोडली असती तर गोळीसारखी सुटली असती." तिने खिसे तबकात रिकामे केले: रुमाल, चष्म्याची पेटी, खडूचा तुकडा, किल्ल्या. मग हातात धरायचं लहान चुंबक घेऊन ती एकेक वस्तू चाचपत गेली. खडूला काही नाही. चष्म्याच्या पेटीला काही नाही. किल्ल्या पितळेच्या होत्या, त्या ढिम्म. शेवटी रुमालाच्या घडीतून काहीतरी टुणकन उडालं आणि चुंबकाला जाऊन चिकटलं.

टक्.

नेलकटर होतं. वरचा चकचकीत मुलामा धारेपाशी घासून गेला होता, आणि तिथे आतलं लोखंड तांबूस पडून उघडं झालं होतं.

सरांनी नेलकटरकडे पाहिलं. मग डॉक्टरांच्या हातातला कागद परत घेतला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. लूप दोऱ्यासारखा बारीक होता. पोट नव्हतं. हा मेव्हणा नव्हता. हा शेजारी होता.

मापनबाईंनी पाठीमागून काय विचारलं असेल, ते आता सरांना इतकं स्पष्ट ऐकू आलं, की डाव्या कानानेसुद्धा ऐकलं असावं. नखं कशाने कापलीत, सर?

प्लॅस्टिकचा चिमटा, प्लॅस्टिकची कुपी, मोजे, बटरपेपर. आणि त्याआधी पोलादाच्या दोन धारा नखात कचाकच रोवून झालेल्या. एखाद्याने सात वेळा हात धुवावेत आणि मग चिखलात ठेवलेला टॉवेल उचलावा, तसं. सरांच्या डोळ्यांसमोर तो 'चिमटा' नावाचा विद्यार्थी उभा राहिला. केराचा डबा, त्यात ओतलेली काळी पावडर, आणि न रडण्यासाठी वर छताकडे बघणारा तो मुलगा.

"काय म्हणतो कागद?" डॉक्टरांनी विचारलं.

"कागद," सर म्हणाले, "नेलकटर चांगलं आहे म्हणतो."

डॉक्टरांना विनोद कळला नाही, पण ते हसले. मुलगी हसली. बायको हसली नाही. ती सरांच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरत चालला होता.

कारण आता काही उरलं नव्हतं. कण गेले, कोबाल्ट गेलं, नसा फाडत वर चढणारी ती काळी सेना गेली. इतके दिवस सर त्या सेनेच्या मागे लपून बसले होते. आता मैदान मोकळं होतं, आणि मैदानात फक्त एक शीळ आणि तिच्या मागे जे काही बसलं असेल ते. वाटाण्याएवढं, किंवा लिंबाएवढं. किंवा नसलेलं. याला कुठला क्षार घालून मोजता येत नव्हतं. याचा लूप सरांना वाचता येणार नव्हता. जन्मात पहिल्यांदा त्यांना दुसऱ्याने वाचून दाखवेपर्यंत थांबावं लागणार होतं.

"चला काका," मुलगी म्हणाली.

सर गेले. दाराशी त्यांनी मागे वळून पाहिलं. बायकोने हात वर केला. हातात त्यांचा कोट होता.

फळीवर झोपवून त्यांच्या डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं. कानांत बोळे घातले. हातात रबराचा फुगा दिला: फारच झालं तर दाबा. मग फळी सरकली आणि छत नाकाच्या इतकं जवळ आलं, की सरांचा श्वास त्यावर आपटून त्यांच्याच तोंडावर परत येऊ लागला.

चुंबकाने त्यांना ओढलं नाही. हे त्यांना आधीपासून कळत होतं आणि तरी ते वाट पाहत राहिले. कोणी तरी ओढावं, दोष देता यावा, असं. मग यंत्र बडवायला लागलं. दारावर ठोके पडावेत तसं, आणि दार उघडायला घरात कोणी नसावं तसं. ठोके थांबले की शीळ. शीळ चालू असतानाच पुन्हा ठोके. सरांनी डोळे मिटले आणि फेराइटची घडण मनात म्हणायला घेतली: कोणता अणू कुठल्या खोलीत बसतो, कोणाचं तोंड कुणीकडे. अर्ध्यावर अडलं. आयुष्यभर पाठ असलेलं अर्ध्यावर अडलं. ते यंत्रामुळे की त्या गाठीमुळे, ही शंका मनात आली आणि फुगा हातात घामाने निसटू लागला. त्यांनी तो दाबला नाही. तो पकडून ठेवण्यातच त्यांची सगळी विद्या खर्ची पडली.

बाहेर काढलं तेव्हा मुलगी म्हणाली, "झालं. अजिबात हलला नाहीत. छान आलंय." काय छान आलंय, ते तिने सांगितलं नाही. तिच्या तोंडावरून ओळखायचा सरांनी प्रयत्न केला. तिचं तोंड बंद दारासारखं होतं. यांना तसं शिकवलेलंच असतं.

"रिपोर्ट?"

"उद्या संध्याकाळी."

सर बाकावर बसले. झग्याच्या बंदांना गाठ बसली होती, आणि नखं इतकी मुळापर्यंत कापलेली की गाठ सोडवता येईना. बायको आली, नेहमीसारखी उजव्या बाजूला बसली आणि तिने पाठीमागे हात घालून गाठ सोडली.

"अगं," सर म्हणाले, "मी दरवर्षी पोरांना एक वाक्य सांगतो. ते चूक आहे. आज आत पडल्या पडल्या मला कळलं. भीती ही अज्ञानाची लेक नाही. भीती ही..."

आणि ते सवयीप्रमाणे क्षणभर थांबले.

"ते उद्या सांगा, रिपोर्ट आला की," बायको म्हणाली आणि तबकाकडे हात केला. "आधी ते नेलकटर द्या इकडे. केव्हाची शोधतेय."